दुहेरी काचा आणि आक्कांची थंडी

मी अमेरिकेला गेले ती एका माणसाला परत आणायला. जाताना एकटी, येताना दोघी, असा बेत होता. मध्ये जे बघायला मिळेल ते बघायचं.

माझी धाकटी बहीण सुधा आणि तिचे यजमान वसंतराव मिनेसोटा राज्यात, मिनियापोलिस शहराच्या कडेला ईडन प्रेरी नावाच्या वस्तीत राहतात. वसंतरावांच्या आई, ज्यांना घरात सगळे आक्का म्हणतात, आदल्या मे महिन्यात त्यांच्याकडे कायमच्या राहायला गेल्या होत्या. नोव्हेंबरात बर्फ पडलं आणि त्यांनी परत जायचं काढलं. थंडी सोसत नाही, नागपूरला थोरल्याकडे जाते, असं त्या म्हणायला लागल्या आणि म्हणतच राहिल्या. सत्तरी ओलांडलेली बाई, इंग्रजी येत नाही, वाटेत विमान बदलायचं. सोबत हवी. मी नाशिकला मुलींच्या वसतिगृहाची अधीक्षिका आहे. माझी रजा साठली होती आणि निम्मं तिकीट सुधाने काढलं. चौऱ्याऐंशीच्या जानेवारीत निघाले. मार्चात परीक्षा सुरू होण्याआधी परत यायचं होतं.

हिवाळ्यात तिकडे कोण जातं, असं निघताना अनेकांनी विचारलं. आता त्याचं उत्तर देता येतं. हिवाळ्यात गेल्याशिवाय ती माणसं घर कशाला म्हणतात ते कळत नाही.

ईडन प्रेरी, जानेवारी

विमानतळाच्या दाराबाहेर पडले आणि पहिल्याच श्वासाला नाकातले केस ताठ झाले. वसंतराव म्हणाले, "ताई, बोलू नका, आधी गाडीत बसा." गाडीत बसल्यावर म्हणाले, "आज बरं आहे. परवा जास्त होती."

त्यांच्या घरापाशी पोचलो तर शेजारच्या अंगणातली गाडी एका वायरीने भिंतीला बांधलेली. चोरीला जाऊ नये म्हणून असेल असं मला वाटलं. ती विजेची वायर होती. रात्रभर इंजिन गरम ठेवलं नाही तर गाडी सकाळी सुरू होत नाही. आपल्याकडे म्हशीला रात्री गोणपाट घालतात, तसंच हे.

घर ऐसपैस. खाली तळघर, तिथे गॅसची भट्टी, तिला फर्नेस म्हणतात. ती पेटली की गरम हवा पत्र्याच्या नळांतून प्रत्येक खोलीत जमिनीजवळच्या जाळीतून येते. स्वयंपाकघराकडून झोपायच्या खोल्यांकडे जाणारा एक बोळ आहे. त्याच्या भिंतीवर एक गोल डबी. घरात किती ऊब हवी तो आकडा डबीवर लावून ठेवायचा. तेवढी ऊब झाली की डबी भट्टीला थांबवते, कमी झाली की पेटवते. आत्ता घरात किती आहे तेही ती काट्याने दाखवते. वसंतराव अशीच तापमान सांभाळणारी यंत्रं बनवणाऱ्या एका कंपनीत इंजिनिअर आहेत. त्यामुळे डबीला हात लावायचा अधिकार त्यांचा एकट्याचा.

त्याच भिंतीवर, डबीच्या खाली, आक्कांचं देवघर होतं. देवांचं तोंड पूर्वेला हवं आणि त्या घरात तशी मोकळी भिंत तेवढीच. लाकडी फळी, त्यावर बाळकृष्ण, अन्नपूर्णा, टाक आणि एक बऱ्यापैकी उंच पितळी समई. आक्का सकाळी आंघोळ करून समई लावत, ती रात्री जेवणं होईपर्यंत तेवत असे. आग लागेल म्हणून सुधा आधी धास्तावली होती. मग सवय झाली. छताला धुराचा भोंगा होता खरा, पण तो फोडणी पडली की ओरडायचा, म्हणून त्याला न्हाणीघरातली प्लास्टिकची टोपी घालून ठेवलेली होती.

आक्कांची खोली उत्तरेच्या टोकाला, गॅरेजच्या वर. मी पहिल्या दिवशी आत गेले तर आक्का पलंगावर मांडी घालून बसलेल्या. अंगात दोन स्वेटर, वर शाल, डोक्याला मफलर, पायात मोजे. खिडकीच्या काचेवर आतल्या बाजूने बर्फ जमलेलं.

"बघा," त्या म्हणाल्या आणि चमच्याने थोडं खरवडून माझ्या तळहातावर ठेवलं. "गोळ्याचं दुकान काढता येईल."

"बापरे," मी म्हटलं.

"तिकीट कधीचं आहे?"

"मार्चच्या पहिल्या आठवड्याचं."

"तोवर मी राहिले तर," आक्का म्हणाल्या आणि शाल ओढून घेतली.

संध्याकाळी वसंतराव आले. आक्कांनी तक्रार केली. त्यांनी बोळात जाऊन डबी पाहिली आणि तिथूनच म्हणाले, "आक्का, अडुसष्ट आहे." म्हणजे आपले वीस. नाशिकला वीस असताना मी स्वेटरही घालत नाही.

"मग मला वाजते ती काय?"

"तुला नागपूरची सवय आहे ना. बॉडीला ॲडजस्ट व्हायला वेळ लागतो."

हा संवाद रोज होत असे. वसंतरावांची मुलगी मीनल बाहेरगावी कॉलेजात असते, ती एका शनिवारी आली, तिनेही जाता जाता डबी पाहिली आणि खांदे उडवले. "आजी, इट्स सिक्स्टी-एट." आजीला तेवढं इंग्रजी आता पाठ झालं होतं.

मलाही घरात थंडी वाजायची. दुपारभर मी दोन स्वेटर घालून वावरत होते. पण मी मिनेसोटाला आले आहे, इथे असंच असणार, असं धरून चालले. सुधा आणि वसंतराव सकाळी कामावर जात ते संध्याकाळी येत. आल्यावर चूल, ओव्हन, पोळ्या, माणसांची वर्दळ. स्वयंपाकघर तापलेलं असे. त्यांना काही जाणवत नसे. वसंतरावांना जाणवलं असतं तरी ते बोलले नसते. तेलाचे भाव भडकले होते तेव्हापासून त्या देशातली बरीच माणसं घरात स्वेटर घालून बसतात आणि त्याचा अभिमान बाळगतात. वसंतराव त्यांतले एक झाले आहेत.

ऑक्टोबरात त्यांनी सगळ्या खिडक्यांना आतून पातळ प्लास्टिक चिकटवलं होतं. आक्कांनी मात्र आपल्या खोलीचं काढून टाकलं, बाहेरचं धड दिसत नाही म्हणून. त्या हिवाळ्यात गॅसचं बिल आदल्या वर्षीपेक्षा चांगलंच कमी आलं. वसंतरावांनी हिशेब मांडला. साध्या प्लास्टिकने एवढा फरक पडतो, तर खऱ्या दुहेरी काचांनी किती पडेल.

"म्हणजे दोन काचा," त्यांनी मला समजावलं. "मध्ये बोटभर बंद हवा. ऊब जाते ती मुख्यतः काचेतून. ती हवाच तिला अडवते."

"जाड रजईपेक्षा दोन पातळ चादरी," मी म्हटलं. "वसतिगृहात आम्ही तेच देतो."

"करेक्ट. सात-आठ वर्षांत पैसे वसूल. शिवाय आत्ता सीझन नाही, त्यामुळे डिस्काउंट. आणि मेन म्हणजे आक्कांच्या खोलीत बर्फ जमणार नाही. मग तिला जायचं कारण उरत नाही."

म्हणजे हे सगळं आईसाठी चाललं होतं. वसुली, सूट, बंद हवा हे त्याच्यावरचं वेष्टन. वडील गेले तेव्हा त्यांना इथून वेळेवर पोचता आलं नव्हतं, हे सुधाने मला पूर्वी कळवलं होतं. आता आई आली आहे तर ती राहिली पाहिजे, एवढंच त्यांना हवं होतं, आणि ते घडवायला त्यांच्या हातात होत्या त्या खिडक्या.

"बसवून तर बघू," ते म्हणाले. "तरीही तिला थंडी वाजली तर तुम्ही घेऊन जा. मी अडवणार नाही."

महिन्याचं भारतीय सामान आणायला आम्ही शहरातल्या एका लहान दुकानात जात असू. तिथे जाताना सुधा गाडीत म्हणाली, "ताई, खिडक्यांनी काही होणार नाही. थंडी हे निमित्त आहे."

"कशावरून?"

"मी दिवसभर बँकेत. त्या एकट्या. तोंडाने बोलत नाहीत, पण त्यांना ते पटत नाही. सून घरात नाही आणि मुलगा डबीतला आकडा सांगतो. अशा घरात कोण राहील?"

वसंतरावांना विचारलं तर त्यांचं वेगळंच. आईला नागपूरचं घर आठवतं, तिथली माणसं आठवतात, पण मुलाचं मन दुखेल म्हणून ती थंडी म्हणते. माझंही मत जवळजवळ असंच होतं. इतकी वर्षं मुलींच्या तक्रारी ऐकते आहे. पोट दुखतं म्हणून येणाऱ्या मुलीचं पोट क्वचितच दुखत असतं. घरून पत्र आलेलं नसतं, नाहीतर खोलीतलीशी भांडण झालेलं असतं. आक्कांचं दुखणं दुसरंच काहीतरी आहे, अशी माझी खात्री होती. ते शोधायच्या भानगडीत मी पडले नाही. माझं काम त्यांना सुखरूप पोचवायचं होतं.

तळ्यावरचा रविवार

शेजारीण डॉरथी आणि तिचा नवरा एका रविवारी आम्हाला तळ्यावर घेऊन गेले. तळं म्हणजे पांढरं मैदान. त्यावर गाड्या उभ्या होत्या. लहान लहान लाकडी खोपटी होती आणि प्रत्येक खोपटात जमिनीला भोक पाडून एकेक माणूस गळ सोडून बसलेला होता. आमचीही गाडी डॉरथीच्या नवऱ्याने सरळ पाण्यावर घातली.

"हे खाली पाणी आहे?" आक्कांनी विचारलं.

"हो."

"आणि हे लोक हौसेने आलेत?"

"हो."

आक्कांनी मफलर आणखी घट्ट ओढला. डॉरथीच्या नवऱ्याने एक मासा काढला. तो बर्फावर टाकल्यावर दोन उड्या मारून जागीच कडक झाला. आम्ही मासे खात नाही हे सुधाने सांगितल्यावर त्यांनी फार वाईट वाटून घेतलं आणि आम्हाला प्रत्येकी दोन दोन बिस्किटं जास्त दिली.

मिनेसोटाची माणसं जेवताना तीनदा आग्रह करतात आणि दोनदा नाही म्हणायचं असतं. हे मला कोल्हापूरच्या माझ्या आजोळासारखं वाटलं. चव मात्र तशी नाही. तिखट तर नाहीच, मीठही बेताचं.

खिडक्या बसल्या तो दिवस

फेब्रुवारीच्या सुरुवातीला खिडक्यांवाले आले. मुख्य माणूस गॅरी, सोबत दोघे. जुनी खिडकी चौकटीसकट काढायची, तिथे नवी बसवायची, बाजूच्या फटीत कापसासारखं काहीतरी ठासायचं. एक खिडकी निघाली की त्या खोलीत आणि बाहेर काही फरक उरत नाही. म्हणून आक्कांना आणि मला दिवसभर डॉरथीकडे पाठवलं.

डॉरथीचं घर जुनं होतं. खिडक्या एकाच काचेच्या. पण दर ऑक्टोबरात तिचा नवरा शिडी लावून बाहेरून आणखी एक काचेची चौकट लटकवतो आणि मे महिन्यात उतरवतो. उन्हाळाभर त्या चौकटी माळ्यावर असतात आणि प्रत्येकीवर कुठल्या खिडकीची ते खडूने लिहिलेलं असतं.

"तेच ते," डॉरथी मला म्हणाली. "वर्षातून दोनदा नवऱ्याला शिडीवर चढवायचं. तुझ्या मेहुण्याने पैसे टाकले, आम्ही नवरा टाकतो."

दुपारी तिने शेंगा, बटाटे आणि चीज घातलेला एक भाजलेला पदार्थ मोठ्या काचेच्या भांड्यात आणला. मांस नाही हे तीनदा सांगितलं. आक्कांनी पिशवीतून तिखटाची डबी काढून आपल्या वाट्यावर भुरभुरली आणि डॉरथीकडे सरकवली. डॉरथीने चिमूटभर घेतलं, डोळे पुसले, आणि पुन्हा चिमूटभर घेतलं. मग दोघी विणायला बसल्या. डॉरथी इंग्रजीत बोलत होती, आक्का मराठीत. टाके एकच असल्यामुळे अडलं नाही.

तासाभराने आक्कांनी मफलर काढला. मग शाल. मग वरचा स्वेटर.

"बरं वाटतं का?" मी विचारलं.

"बरं वाटतं," आक्का म्हणाल्या. "या बाईच्या घरात बरं वाटतं."

मी मनात म्हटलं, बघा, सोबत मिळाली. आपला तर्क बरोबर निघाला की माणसाला किती पटकन पुरावा सापडतो.

संध्याकाळी परत आलो तर खिडक्या बसल्या होत्या. काच कोरडी, बर्फ नाही, हात लावला तर पूर्वीसारखा चटका बसत नव्हता. वसंतराव पेटलेली उदबत्ती घेऊन प्रत्येक चौकटीच्या कडेने फिरत होते. धूर जरा जरी हलला तर तिथे फट. धूर सगळीकडे सरळ वर गेला.

"आमच्यात मेणबत्तीने करतात," गॅरी म्हणाला आणि वास घेत राहिला. "पण हे छान आहे."

पुढचे चार-पाच दिवस वसंतराव रोज घरी आल्या आल्या आईच्या खोलीत जात. "काय, कसं वाटतं?"

"बर्फ नाही जमत," आक्का म्हणत.

"आणि थंडी?"

आक्का डोक्याकडे बोट दाखवत. मफलर होताच डोक्याला. वसंतराव बोळात जाऊन डबी बघत. अडुसष्ट. मग ते जेवायला बसत.

सुतक

त्यानंतर एके सकाळी नागपूरहून वसंतरावांच्या भावाचा फोन आला. आक्कांचे एक चुलतदीर अमरावतीला वारले. वय झालं होतं. कोणी फार रडलं नाही, पण सुतक आलं. दहा दिवस त्या घरातल्या कोणी देवाला हात लावायचा नाही.

"इथपर्यंत कसलं सुतक, आक्का?" वसंतराव म्हणाले. "समुद्र ओलांडून?"

"फोन ओलांडून आला ना?" आक्का म्हणाल्या. "मग तेही आलं." आणि माझ्याकडे वळून म्हणाल्या, "विमलताई, तुम्हाला आमचं सुतक नाही. तेवढे दिवस देवांचं तुम्ही बघा."

मी देवाधर्मातली नाही. पण सांगितलेलं काम करते. सकाळी देवांना पाणी घालायचं, पुसायचं, एक लहान निरांजन लावायचं. माझी वेणी होईपर्यंत ते विझत असे. समई घासा, तेल घाला, काजळी झाडा, हे माझ्याच्याने होणार नव्हतं. मी ती उचलून कपाटावर ठेवून दिली. आक्कांनी ते पाहिलं. त्यांचा चेहरा म्हणाला की हिच्याकडून याहून जास्त अपेक्षा नव्हतीच.

आणि घर गरम झालं.

दुसऱ्याच दुपारी मला स्वेटर नकोसा झाला. आक्का खोलीतून बाहेर येऊन दिवाणखान्यातल्या मोठ्या खिडकीपाशी बसायला लागल्या. मफलर गेला. शाल खुर्चीच्या पाठीवर गेली. डॉरथीने दिलेल्या लोकरीचं काहीतरी विणायला घेतलं. शेजारचा मुलगा बर्फ कसा उपसतो आणि चुकीचा कसा उपसतो, हे त्या मला बसल्या जागेवरून सांगत.

वसंतराव खूश. "खिडक्यांना सेटल व्हायला जरा वेळ लागतो," ते म्हणाले. यामागचं शास्त्र त्यांनी सांगितलं नाही. डबीवर आकडा पूर्वीचाच होता, अडुसष्ट. पण आता त्याबद्दल कोणी भांडत नव्हतं. मार्च जवळ येत होता आणि आक्का तिकिटाचं नाव काढत नव्हत्या. सुधाने मला स्वयंपाकघरात हळूच विचारलं, "ताई, राहतील का गं?" मी म्हटलं, विचारू नकोस, बघत राहा.

अकराव्या दिवशी आक्कांनी न्हाऊन घरभर गोमूत्र शिंपडलं. ते त्यांनी येताना औषधाच्या बाटलीत भरून आणलं होतं आणि विमानतळावरच्या अधिकाऱ्याला औषधच म्हणून सांगितलं होतं. माझ्या हातचे देव पुन्हा धुतले. समई काढली, चिंच लावून लखलखीत केली आणि दोन वाती लावल्या.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्या माझ्यासमोर येऊन उभ्या राहिल्या. डोक्याला मफलर होता.

"विमलताई," त्या म्हणाल्या, "तिकीट नक्की करून टाका. मी राहायचं म्हणत होते मनात. नाही जमणार."

संध्याकाळी वसंतरावांनी ऐकलं आणि गॅरीला फोन केला. तो दुसऱ्या दिवशी आला. वसंतराव अर्धी रजा टाकून घरी थांबले होते. दोघांनी खिडक्या तपासल्या. उदबत्तीचा अख्खा पुडा संपला. कुठेही फट नाही. गॅरी आक्कांच्या खोलीत उभा राहून म्हणाला, "खोली थंड आहे खरी. पण काच चांगली आहे. मला कळत नाही." वसंतराव डबीपाशी गेले, अडुसष्ट बघून आले आणि आईच्या पलंगाच्या कडेवर बसले.

"तुला इथे राहायचं नाहीये का, आक्का?" त्यांनी विचारलं. "तसं सरळ सांग. मी रागावणार नाही."

"मला थंडी वाजते, वसंता," आक्का म्हणाल्या.

ते उठून कामावर गेले. गॅरीही गेला.

वसतिगृहात एकदम पाच-सहा मुली आजारी पडल्या तर मी एकच गोष्ट विचारते. काल नव्हतं असं आज काय आहे? पाणी बदललं, भाजीवाला बदलला, नवी बाई आली, काहीतरी सापडतं. इथे खिडक्या त्याच, बाहेरची थंडी तीच, माणसं तीच. गरम होतं तेव्हा काय नव्हतं? सुतकात काय नव्हतं?

मी बोळात गेले. समई तेवत होती. तिच्या वर हात धरला तर चांगलीच धग होती. तसाच हात वर नेला, डबीपर्यंत. डबी कोमट होती. आजूबाजूची भिंत गार आणि डबीपुरती जागा ताज्या पोळीच्या डब्यासारखी कोमट.

मी समई दोन्ही हातांनी उचलली आणि जेवणाच्या टेबलावर नेऊन ठेवली. मग बोळात येऊन उभी राहिले. डबीचा काटा सावकाश खाली उतरत होता. तो अडुसष्टच्या जरा खाली आला. तळघरात खट्ट झालं, मग घुर्रर्र. भट्टी पेटली, तरी काटा साठाच्या जवळ जाईपर्यंत उतरतच राहिला. पायाशी जाळीतून गरम वारा आला.

आक्का खोलीतून बाहेर आल्या. "दिवा कोणी हलवला?"

"मी."

"तेवता दिवा असा घेऊन फिरतात का?"

"खोलीत जाऊन बसा," मी म्हटलं. "जरा वेळाने बोलू."

त्या गेल्या. भट्टी थांबायचं नाव घेत नव्हती. बऱ्याच वेळाने आक्का पुन्हा आल्या तेव्हा शाल हातात होती. त्यांनी टेबलावरच्या समईकडे पाहिलं, मग बोळातल्या डबीकडे. मी समजावून सांगायला तोंड उघडलं.

"कळलं," आक्का म्हणाल्या. "देवाला ऊब आणि मला बर्फ."

संध्याकाळी वसंतराव आले. मी समई आधीच परत जागेवर ठेवली होती. त्यांचा हात धरून डबीला लावला आणि सांगितलं. ते तिथेच बोळात जमिनीवर बसले. अंगात कोट, पायात बूट.

"हे मी लोकांना शिकवतो," ते म्हणाले. "जवळ दिवा नको, टीव्ही नको, ऊन नको. हे मी नवीन मुलांना शिकवतो."

"आईचं खरं धरायला शिकवता का?" सुधा म्हणाली. आधी ती हसली, मग मी. वसंतराव हसले नाहीत.

मग त्यांच्या ध्यानात पुढची गोष्ट आली. बिल कमी झालं होतं ते प्लास्टिकने नव्हे. दिवसभर समई तेवायची आणि भट्टी बंद राहायची, म्हणून झालं होतं. त्या बिलाच्या भरवशावर खिडक्या घेतल्या. आता समई हलली की भट्टी जास्त चालणार. मग खिडक्यांनी किती वाचवलं, हे ठरवायला निदान एक पुरा हिवाळा नव्याने जायला हवा.

"पण काचा चांगल्या आहेत," मी म्हटलं. "बर्फ जमत नाही." ते त्यांनी मान्य केलं.

डबी हलवायची तर भिंतीतल्या वायरी ओढाव्या लागणार होत्या. देव हलवायचे तर दोन खिळे पुरे होते. आक्का म्हणाल्या, देव माझ्या खोलीत आणा, तिथली एक भिंत चालेल, मी तोंड जरा तिरकं ठेवीन. शनिवारी देव हलले.

मार्च

रविवारी सकाळी पोहे खाताना विषय निघाला. निघण्याला थोडेच दिवस होते. सुधाने बशी खाली ठेवून विचारलं, "आक्का, मग विमानाचं काय करायचं?"

"परत करता येतं का तिकीट?"

"येतं. थोडे पैसे कापतात."

"कापू देत," आक्का म्हणाल्या.

सुधाला ते लगेच पटेना. तिने तीन महिने मनात धरून ठेवलेलं होतं. "मला वाटत होतं, मी दिवसभर बाहेर असते म्हणून तुम्हाला..."

"तू बाहेर असतेस ते बरंच आहे," आक्का म्हणाल्या. "दोघी दिवसभर घरात असतो तर एव्हाना बोलणं बंद झालं असतं."

"आणि नागपूर?" वसंतरावांनी विचारलं.

"नागपूरला काय आहे? थोरल्याच्या घरी मला दिवाणखान्यात कॉट आहे. टीव्ही बंद झाल्याशिवाय झोपता येत नाही." त्यांनी पोह्यांवर आणखी लिंबू पिळलं. "मला थंडी वाजत होती. मी म्हणाले, थंडी वाजते. मराठीत म्हणाले. तुम्ही सगळ्यांनी मिळून त्याचा काय काय अर्थ लावलात देव जाणे."

त्यांनी माझ्याकडेही पाहिलं. मी आणखी पोहे घेतले.

मी एकटीच परत आले. थोरल्यांना नागपूरला वसंतरावांनी फोन करून कळवलं. ते म्हणे एवढंच म्हणाले, बरं झालं. निघायच्या सकाळी बाहेर पुन्हा बर्फ पडत होतं. वसंतराव गाडी गरम करत होते, सुधा सामान नेत होती. आक्का विमानतळावर येणार नव्हत्या. दारापर्यंत आल्या, साध्या सुती लुगड्यात, वर एकच स्वेटर. मी वाकून नमस्कार केला आणि काही बोलणार, तेवढ्यात त्यांनी मला खांद्याला धरून उंबऱ्याबाहेर काढलं.

"निघा आता आणि दार लावून घ्या," त्या म्हणाल्या. "सगळी ऊब बाहेर चाललीय."